साक्षीबरोबर नोंदही हवी

काही वर्षांपूर्वी आमच्या ख्रिस्ती संस्थेनं एकट्या बायकांना शेळ्या वाटल्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणाचा नवरा दारूपायी घरात असून नसल्यासारखा. जात चांगली हवी म्हणून राजस्थानकडच्या शिरोही शेळ्या ट्रकनं आणल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटप झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, हातात दावं धरलेल्या प्रत्येक बाईचा फोटो निघाला. दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त शेळ्या मेल्या. लांबच्या प्रवासानं खंगलेली जनावरं, वेगळी हवा, वेगळा चारा. पावसाळ्याच्या तोंडावर द्यायची आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यांत विष तयार करणाऱ्या रोगाची, लस दिलेली नव्हती, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाचीही नव्हती. पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत भुकेल्या शेळीनं एकदम भरपूर खाल्लं की तोच आंत्रविषार जडतो, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. एका बाईनं मेलेली शेळी पुरायला खड्डा खणला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात येऊन विचारलं, “आता हिचे पैसे मला भरावे लागतील का?”

दोन वर्षांनी एका लग्नात शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या ख्रिस्ती संस्थेचे एक जुने कार्यकर्ते पंगतीत शेजारी बसले होते. शेळ्यांचा विषय निघाला. ते शांतपणे म्हणाले, “आमच्याकडं हेच झालं होतं, तुमच्या तीन वर्षं आधी. मग आम्ही बाहेरची जात आणायचं सोडलं. इथल्याच बाजारातून उस्मानाबादी घेतल्या. आधी लसीकरण, मग वाटप.” आमच्या ऑफिसापासून त्यांचं ऑफिस पंचवीस किलोमीटरवर आहे. नाताळात आम्ही एकमेकांकडे फराळ पाठवतो. तरीही जे त्यांना तीन वर्षं आधी कळलं होतं, ते कळायला आम्हाला बायकांच्या दारातल्या शेळ्या मराव्या लागल्या.

पुढे मी दोन्ही संस्थांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले. दोन्हींत लिहिलं होतं, उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. उद्दिष्ट शेळ्या वाटण्याचं होतं आणि शेळ्या वाटल्या होत्या. शेळी जगली का, व्याली का, करडं विकून त्या घरात काय आलं, हे विचारणारा रकानाच त्या नमुन्यात नव्हता. देणगीदाराला अहवाल गेला, पुढचा हप्ता आला, फाइल कपाटात गेली.

महाराष्ट्रात गावविकासाचं काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थांनी एकमेकांकडून शिकण्याची आणि आपल्या कामाचं एकत्र संशोधन करण्याची शिस्त लावून घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ज्यांना सोयीचं वाटेल त्यांनी ती लावावी, असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या गरिबीवर प्रयोग करण्याचा अधिकार आपण घेतला आहे. त्या प्रयोगातून काय निघालं हे लपवण्याचा किंवा विसरून जाण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपली अडचण पैशाच्या आधी सवयीची आहे. ख्रिस्ती माणूस साक्ष देण्यात वाढतो. मंडळीत उभं राहून तो सांगतो, मी अंधारात होतो, प्रभूनं मला उजेडात आणलं. ही साक्ष मला प्रिय आहे, तिच्यावर माझी श्रद्धा उभी आहे. पण आपण विकासकामाचे अहवालही त्याच घाटात लिहायला लागलो. आधी गाव कोरडं, व्यसनी, अडाणी. मग संस्था आली. मग गाव हिरवं, निर्व्यसनी, साक्षर. या गोष्टीत फसलेल्या बोअरवेलला जागा नाही, मोडलेल्या बचत गटाला जागा नाही, तीन महिन्यांत बंद पडलेल्या शिवणवर्गाला जागा नाही. पवित्र शास्त्र मात्र असं लिहिलेलं नाही. कोंबडा आरवण्याआधी येशूचा शिष्य पेत्र यानं येशूला तीनदा नाकारलं, हे चारही शुभवर्तमानांत आहे. मंडळीच्या आधारस्तंभाची ती गोष्ट झाकावी असं कुणाला वाटलं नाही. आणि लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा त्यानं मुळापासून शोध घेतला आणि मगच त्या क्रमवार लिहिल्या. परंपरेनं ज्याला वैद्य मानलं त्या माणसाची ही ओळ प्रत्येक संस्थेच्या ऑफिसात भिंतीवर लावावी अशी आहे. साक्ष आणि शोध यांचं वैर नाही. शोधाशिवाय दिलेली साक्ष मात्र पुढच्या माणसाला वाट दाखवत नाही.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. एकदा फार मोठ्या प्रमाणावर जमलं होतं, आणि त्यात आपल्याच नगर जिल्ह्यातलं एक गाव होतं.

१९६८ साली वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या जगभरच्या चर्चच्या संघटनेनं जिनिव्हात ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केलं. त्याचे पहिले संचालक जेम्स मॅकगिल्व्रे यांनी वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात काम केलेलं होतं. त्या काळी जगभर चर्चची शेकडो रुग्णालयं होती आणि त्यांचा अभिमानही होता. कमिशननं नवी रुग्णालयं बांधण्याआधी जुन्यांची तपासणी केली. जे सापडलं ते झोंबणारं होतं. चर्चच्या वैद्यकीय कामापैकी सुमारे ९५ टक्के काम रुग्णालयांच्या आणि दवाखान्यांच्या चार भिंतींत, आजार झाल्यानंतरच्या उपचारांचं होतं. आणि तिथं दाखल होणाऱ्या निदान निम्म्या माणसांचे आजार मुळात टाळता आले असते. दीडशे वर्षांच्या सेवेबद्दल असं म्हणायला धैर्य लागतं. ज्यांनी आयुष्य त्या वॉर्डांत घालवलं ते दुखावले असणार. पण तो आकडा दडपला गेला नाही. त्यावर चर्चा झाली, आणि १९७० पासून ‘कॉन्टॅक्ट’ नावाची एक साधी पत्रिका निघू लागली. वेगळ्या वाटेनं जाणारी छोटी कामं कुठं चालली आहेत, त्यांत काय जमलं, काय नाही, हे त्या पत्रिकेतून एका खंडातून दुसऱ्या खंडात पोचायला लागलं. ग्वाटेमालातलं चिमाल्टेनांगो, इंडोनेशियातलं मध्य जावा आणि आपलं जामखेड, अशा तीन ठिकाणांच्या कामांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तिन्ही ठिकाणी डॉक्टरांनी रुग्णालयाबाहेर पडून गावातल्या साध्या माणसांच्या हाती आरोग्याचं काम दिलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालयही जिनिव्हातच. तिचे तेव्हाचे महासंचालक हाफदान माहलर यांनी १९५० च्या दशकात भारतात क्षयरोगाच्या कामात बरीच वर्षं घालवली होती. त्यांच्या पुढाकारानं १९७४ पासून संघटना आणि कमिशन एकत्र बसू लागले, १९७५ मध्ये संघटनेनं अशा लोकाधारित कामांचा जो संग्रह छापला त्यात जामखेडची हकिगत होती, आणि १९७८ मध्ये अल्मा-आटा इथं जगातल्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. त्यामागं इतरही अनेक प्रवाह होते. पण एक प्रवाह निश्चितपणे छोट्या ख्रिस्ती संस्थांच्या आपापसातल्या प्रामाणिक लिखाणातून आला होता. प्रत्येकानं आपापला अहवाल फक्त आपापल्या देणगीदाराला पाठवला असता तर हे घडलं नसतं.

जामखेडकडे जरा थांबून पाहू. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं. १९६० च्या दशकात नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या रुग्णालयात त्यांनी काम केलं. बरे होऊन गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन पुन्हा येतात, हे त्यांनी तिथं पाहिलं. मग अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हा त्या भागात हजारी १७६ बालकं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पाच-सहा वर्षांत हा आकडा पन्नाशीच्या आसपास आला आणि पुढंही उतरत गेला. हे यश सगळ्यांना पाठ आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं फसलेलं पाऊल. गावागावांत प्रशिक्षित नर्सबाई नेमायची, असा त्यांचा पहिला बेत होता. शिकलेल्या तरुण मुली परक्या गावात एकट्या राहायला तयार होईनात, राहिल्या तर गावाशी त्यांचं जुळेना. बेत बारगळला. आरोळ्यांनी हे अपयश लपवलं नाही, ते जिथं गेले तिथं सांगितलं. त्या अपयशातूनच गावानं निवडलेली, बहुतेक वेळा निरक्षर, अनेकदा दलित वस्तीतली ग्रामीण आरोग्य सेविका उभी राहिली. नर्सचा बेत जमल्याचं खोटं चित्र त्यांनी रंगवलं असतं तर पुढच्या शंभर संस्थांनी तीच चूक पुन्हा केली असती.

या सेविका दर आठवड्याला जामखेडला जमायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायला, एकत्र झोपायला तिथं शिकल्या. डॉक्टर शिकवायचे, पण खरं शिक्षण त्यांच्या आपापसातल्या बोलण्यात होतं. माझ्या गावात बाळंतिणीला पाणी पिऊ देत नाहीत, तुझ्या गावात काय करतात? तू सासूला कसं पटवलंस? हेच संशोधन आहे. प्रश्न आहे, दोन ठिकाणची तुलना आहे, उपाय करून पाहणं आहे, आणि पुढच्या आठवड्यात येऊन काय झालं ते सांगणं आहे. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या भव्य झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि लांब. आणि आपण हातातल्या दिव्यासारख्या आहोत, साध्या आणि स्वस्त, पण एका दिव्यावरून दुसरा लावता येतो. ज्ञान वाटून घेण्याबद्दल यापेक्षा नेमकं बोललेलं मी ऐकलेलं नाही, आणि ते शाळेत न गेलेल्या पिढीतल्या, बीड-नगरच्या सीमेवरच्या मातीतून आलेल्या बाईनं बोललेलं आहे. संशोधन म्हणजे इंग्रजी, आलेख आणि पीएचडी असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा जामखेडला जाऊन यावं.

पण मला इथंच एक खंतही नोंदवायची आहे. जामखेडच्या प्रकल्पाची बाहेरच्या तशाच गावांशी तुलना करणारा काटेकोर अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला तो २०१० मध्ये, कामाला सुरुवात झाल्यावर चाळीस वर्षांनी. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात दिसलं. जगभर नावाजलेल्या कामाला असा ताळा मिळायला इतकी वर्षं लागत असतील, तर आपल्यासारख्या छोट्या संस्थांची काय कथा? याउलट गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं सुरुवातीपासून मोजणीला कामाचा भाग मानलं. ३९ गावांत नवजात बाळांची घरी काळजी घेणाऱ्या बायका तयार केल्या, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे सरकारनं ती पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात घेतली. ‘सर्च’ ही ख्रिस्ती संस्था नाही. पण आरोळे आणि बंग या दोन्ही जोडप्यांचे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले गुरू एकच, कार्ल टेलर. मसुरीत मिशनरी घरात जन्मलेले, पंजाबातल्या नारंगवाल गावात वर्षानुवर्षं संशोधन केलेले. विद्या एका दाराची राहत नाही. आपल्याकडची बाहेर गेली, तशी बाहेरची आपण आत घ्यायला हवी.

पाण्याच्या कामातही हेच दिसतं. १९४८ मध्ये स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात आयुष्य घालवलं. १९८९ मध्ये भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला तो त्यांच्या प्रयत्नांतून, आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन केला. त्या कार्यक्रमात गावाला एकदम पैसे मिळत नसत. आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, लहान तुकड्यावर काम करून पाहायचं, मग मोठं काम. आणि शेतकऱ्यांना दुसऱ्या गावाच्या शिवारात नेऊन आणायचं. शेतकरी अहवालावर विश्वास ठेवत नाही. तो दुसऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीत डोकावतो, किती परस पाणी आहे ते पाहतो आणि मग बोलतो. संस्थांनी एकमेकांच्या विहिरीत असं डोकावणं आपण अजून सुरू केलेलं नाही.

आता अडचणींकडे वळतो, कारण त्या खऱ्या आहेत. २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेला आलेला परदेशी निधी आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी मोठ्या संस्था खालच्या दहा-पंधरा लहान संस्थांना निधी द्यायच्या आणि त्या निमित्तानं वर्षातून दोनदा सगळे एका ठिकाणी जमायचे. तो धागा तुटला. खर्च कापायची वेळ आली की संस्थेत सगळ्यात आधी जातो तो नोंदी ठेवणारा, लिहिणारा माणूस. तो गेल्यावर संस्थेची स्मरणशक्तीच जाते. तरीही मी म्हणेन की कायद्यानं पैसे द्यायला बंदी केली आहे, सांगायला नाही. माझ्या शेजारच्या संस्थेकडून शेळ्यांची हकिगत ऐकायला मला एसटीच्या तिकिटाएवढाच खर्च आला असता.

दुसरी अडचण भीतीची. अपयश लिहिलं तर देणगीदार सोडून जाईल. आणि त्याहून मोठी भीती, की आपल्याकडे आधीच संशयानं पाहिलं जातं, सेवेच्या नावाखाली धर्मांतर करता असं म्हटलं जातं, त्यात आपणच आपल्या चुकांचा कागद लोकांच्या हाती का द्यावा? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या चर्चच्या दाराशी जमाव येऊन गेला आहे त्यांना तर मी काहीच शिकवू शकत नाही. पण बंद कपाटातून संशय कमी होत नाही. शेळ्या कुणाला दिल्या, कोणत्या निकषावर दिल्या, त्यांत किती कुटुंबं ख्रिस्ती होती आणि किती नव्हती, हे आपण होऊन ग्रामसभेत वाचून दाखवणारी संस्था मी पाहिली आहे. तिच्याबद्दल गावात कुजबुज नव्हती. देणगीदारांच्या बाबतीत सांगायचं तर दोष त्यांचाही आहे. यशाच्या गोष्टी मागायच्या आणि त्या पुरवल्या की विश्वास ठेवायचा, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. तो मोडायचा तर एका संस्थेला शक्य नाही. वीस संस्थांनी मिळून सांगितलं की आमच्या प्रत्येक अहवालात ‘काय फसलं’ हे प्रकरण असेल, तर त्याची शिक्षा कुणा एकाला भोगावी लागणार नाही.

एकत्र अभ्यास का हवा याचं सगळ्यात मोठं कारण मला ऊसतोडीत दिसतं. बीड, जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या भागातली कुटुंबं दसऱ्यानंतर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला निघतात. टोळीच्या भाषेत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सांगली, कोल्हापूर, सातारा, काही थेट कर्नाटकात. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. आमच्या भागातल्या संस्थेच्या वहीत या पाच-सहा महिन्यांत काय असतं? ‘बचत गटाच्या बैठकीस उपस्थिती कमी.’ बस्स. बाळाची लस चुकली, पोरगी आठवीतून सुटली, बाई पाचव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहत होती, यातलं काहीच आमच्या वहीत नाही, कारण ते आमच्या कार्यक्षेत्रात घडलं नाही. आणि तिकडं, उसाच्या पट्ट्यात? मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं तेव्हापासून त्या भागात ख्रिस्ती आरोग्यसेवेची परंपरा आहे. तिकडच्या सेविकेच्या समोर रात्री दोन वाजता एक बाई येते, हातात एकही कागद नाही, गाव सांगते ते कधी ऐकलेलं नाही, सकाळी बाळ घेऊन फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परत जाते. तिच्याही वहीत या बाईचं अर्धंच वर्ष आहे. माणूस एकच, पण त्याचं वर्ष दोन संस्थांत फाटलेलं.

२०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. या बायका आमच्याच बचत गटांत बसतात. त्यांच्या पोटदुखीच्या, अंगावरून जाण्याच्या तक्रारी आमच्या कार्यकर्त्यांच्या कानांवर येत होत्या. एकेकीची गोष्ट म्हणून येत होत्या. आम्ही प्रार्थना केली, कुणाला डॉक्टरकडे नेलं, ऑपरेशनला थोडी मदतही केली. मोजलं नाही. शेजारच्या संस्थेला विचारलं नाही की तुमच्याकडंही असंच आहे का. दहा संस्थांनी दहा-दहा गावांत एकच प्रश्न विचारून ठेवला असता तर सरकारी समितीच्या कितीतरी आधी ही गोष्ट उजेडात आली असती. न मोजण्याची किंमत कुणी चुकवली, हे मला रोज दिसतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विद्यापीठातून किंवा परदेशातून संशोधक येतात, दोन आठवडे राहतात, बायकांना चाळीस प्रश्न विचारतात आणि जातात. पुढे त्या बायकांना कळतही नाही की त्यांचं दुःख कुठं छापून आलं. आमच्या अहवालांतही फार वेगळं होत नाही. दावं धरलेल्या त्या बाईचा फोटो आमच्या कॅलेंडरवर आला होता, आणि तिच्या घरात ते कॅलेंडर कुणी दिलं नव्हतं. म्हणून मला जे संशोधन हवं आहे त्याचा मालक गाव असला पाहिजे. माहिती घेताना कशासाठी घेतो हे मराठीत सांगायचं, नको म्हणण्याचा हक्क द्यायचा, आणि जे निघेल ते आधी त्याच गावात वाचून दाखवायचं. कार्यकर्त्यांचंही तसंच. तीस वर्षं गावात फिरलेल्या ताईला जे माहीत आहे ते संचालकांना माहीत नसतं. पण परिषदेला जातात ते संचालक, आणि तिथं बोलतात ते इंग्रजीत. तिला बसवा, मराठीत बोलू द्या, तिच्या नावानं लिहून घ्या.

जुन्या नोंदींचंही सांगायला हवं. एका जुन्या मिशन दवाखान्याच्या कोठीत मी प्रसूतीची हाताने लिहिलेली रजिस्टरं पाहिली आहेत, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. आईचं नाव, गाव, कितवी खेप, बाळ जगलं की नाही. अर्धी वाळवीनं खाल्ली होती. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक सुरू करणाऱ्या समाजाच्या घरात कागदाची ही दशा पाहवत नाही.

मग हे ख्रिस्ती संस्थांनीच आपापसात का करायचं, सगळ्यांनी मिळून का नाही, असा प्रश्न मला विचारला जातो. सगळ्यांनी मिळून जरूर करावं. पण सुरुवात घरातून करण्याला कारण आहे. आमच्या चुका एकसारख्या आहेत. मिशन कंपाउंडच्या भिंतीआड वाढलेली मायबापपणाची सवय, बोर्डिंगमधून मुलं शिकली की काम झालं असं मानणं, परदेशी पैशावर टेकून राहणं, हे बाहेरच्या संस्थेला समजावून सांगायला वेळ लागतो, आमच्यात एका वाक्यात कळतं. आणि आमच्यातच भिंती काय कमी आहेत? प्रोटेस्टंट रुग्णालयांची संघटना १९०५ पासूनची, कॅथलिकांची १९४३ पासूनची. दोन्ही मोठ्या, दोन्ही कष्टाळू. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा दोन्हींनी आणि इतरांनी मिळून हजाराहून अधिक रुग्णालयं आणि सुमारे ६०,००० खाटा देशाच्या सेवेला देऊ केल्या. म्हणजे एकत्र येता येतं. साथ नसतानाही यावं, एवढंच मागणं आहे.

मी माझ्या परीनं एक सुरुवात मांडतो आहे. येत्या वर्षी टोळ्या निघण्याआधी, नवरात्राच्या आसपास, आपल्या भागातल्या आणि उसाच्या पट्ट्यातल्या संस्थांनी दोन दिवस एका ठिकाणी बसावं. संचालक एक आणि गावात फिरणारे कार्यकर्ते दोन, या हिशेबानं यावं. हॉटेल नको, कुठल्यातरी बोर्डिंगचा हॉल पुरे. पहिल्या दिवशी प्रत्येक संस्थेनं आपलं एक फसलेलं काम कागदपत्रांसह उलगडून दाखवावं, बाकीच्यांनी सल्ला न देता फक्त प्रश्न विचारावेत. दुसऱ्या दिवशी ऊसतोड कुटुंबासाठी एक साधं मराठी कार्ड ठरवावं: गरोदर बाईचे महिने, बाळाच्या लसी, पोरीची इयत्ता, आणि बाईला स्वतःला काय त्रास होतो ते. कार्ड तिच्याजवळ राहील. इकडची संस्था ते भरेल, तिकडची पुढे भरेल, आणि पाडव्याला ती परत आल्यावर दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या जातील, आधी तिच्या गावात.

पहिली फाइल मी आमच्या शेळ्यांची आणीन. तिच्यात वाटपाची तारीख आहे, बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत, फोटो आहेत. मेलेल्या शेळ्यांची यादी मी नंतर घरोघर जाऊन हातानं लिहिली, तीही शेवटी जोडलेली आहे. लसीच्या तारखांचा रकाना कोरा आहे.